सिनेमाआधीची पाटी

मर्टलने कीबोर्डवरची लांब पट्टी अशी दाबली की शेजारचा चहाचा मग हलला. सिनेमा थांबला. खरं तर तो सुरूच व्हायचा होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतली पाटी तेवढी आली होती, आणि तिथेच मर्टलचं डोकं फिरलं.

'मूळनिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील प्रेक्षकांनी लक्षात घ्यावे, की या चित्रपटात मृत व्यक्तींच्या प्रतिमा व आवाज आहेत.'

"हे काय आहे?"

तिची भाची शनेल खुर्चीत पाय दुमडून बसली होती. तिने बाहीचा दोरा ओढायला घेतला.

"पाटी आहे."

"पाटी आहे ते मलाही दिसतंय. ती इथे काय करतेय?"

पाटी ओळखीची होती. ऑस्ट्रेलियात टीव्हीवर जुनं काही लागायचं असलं की आधी हीच येते. ती आली की मर्टलच्या घरात सगळे गप्प होतात, म्हातारी माणसं तोंड फिरवतात, आणि मग बघायचं की नाही ते ठरतं. माणूस गेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो बाहेर ठेवायचा नाही, आवाज ऐकायचा नाही. किती दिवस, ते घरच्यांनी ठरवायचं. पाटी त्याच्यासाठी असते. भुताच्या सिनेमात लोकांना आधीपासून घाबरवून ठेवायला नसते.

आणि हा भुताचाच सिनेमा होता. तीन चुलत भावंडं हातात कॅमेरा घेऊन टेकडीपलीकडच्या जुन्या मिशनच्या पडक्या वसतिगृहात जातात, त्यांना शोधायला त्यांचा मामा जातो, आणि कुणीच परत येत नाही. सापडतो तो फक्त कॅमेरा. आपण बघतो ते म्हणजे त्या कॅमेऱ्यात उरलेलं. दोन भावंडं आत्ता फुटबॉलच्या मैदानावर होती, तिसरी म्हणजे शनेल समोर बाहीचा दोरा ओढत होती, आणि मामा बाहेर व्हरांड्यात डब्यातल्या मटणाचं सँडविच खात होता.

"सेल्विन!" मर्टल ओरडली. "आत ये. तू मेलास."

"कधी?" बाहेरून आवाज आला.

"तुझ्या भाचीला विचार. तिने जाहीर केलंय."

सेल्विन, मर्टलचा थोरला भाऊ, जाळीचं दार ढकलून आत आला. उन्हाळ्यातही त्याच्या डोक्यावर फुटबॉल संघाची लोकरी टोपी होती. त्याने पाटी सावकाश वाचली, चघळत चघळत.

"प्रतिमा आणि आवाज," तो म्हणाला. "दोन्ही माझीच की. बरं झालं, आता कौन्सिलच्या मीटिंगला जायला नको."

"हसतोस काय मेल्या," मर्टल म्हणाली आणि तिने जीभ चावली.

सेल्विन आणखीच हसला. त्याला या सिनेमात सगळ्याचंच हसू येत होतं. त्याचा मरायचा प्रसंग घ्यायला तीन संध्याकाळी गेल्या होत्या, कारण तो जमिनीवर पडला की वस्तीतली कुत्री येऊन त्याचं तोंड चाटायची. चिखल फासून भूत झालेल्या पोराला बघूनसुद्धा ती शेपटी हलवत होती. हे सगळं मर्टलला ठाऊक होतं. केंद्राचा कॅमेरा, केंद्राचा मायक्रोफोन, केंद्राचीच गाडी. वस्तीचं हे रेडिओ आणि व्हिडिओ केंद्र ती कित्येक वर्षं चालवत होती, आणि तिच्या होकाराशिवाय इथून एक मिनिटाचं चित्रण बाहेर जात नसे. शनेलचा सिनेमा आज रात्रीच्या आत सिडनीला पोचायला हवा होता. पोचला आणि निवडला गेला तर पोरीला पुढचा मोठा सिनेमा करायला मिळणार होता. नाही पोचला, तर शिकून आलेल्या आणखी एका पोरीने दुकानात गल्ल्यावर बसायचं.

फोन वाजला. हॅमिश. सिडनीचा निर्माता. शनेलने नाइलाजाने स्पीकर चालू केला.

"मर्टल! बघितलात का? कसा वाटला?"

"पाटीपर्यंत बघितला."

"ती पाटी म्हणजे कमाल आहे हो. इथे ऑफिसात सगळ्यांच्या अंगावर काटा आला. एक चित्र दिसायच्या आधी कळतं की ही सगळी माणसं मेलेली आहेत. आजवर हे कुणालाच सुचलं नव्हतं!"

"आम्हालाही नव्हतं सुचलं. का नव्हतं, त्याचा विचार कर जरा."

"हे बघा, आम्ही पूर्ण आदर राखूनच..."

"आदर ठेव बाजूला. तुझी आई आहे का?"

"आहे. का?"

"तिचा फोटो लाव पडद्यावर. खाली लिही, वारली. मग तिला फोन करून सांग की लोकांच्या अंगावर काटा आला."

सेल्विन चघळायचा थांबला होता.

"तुमचा राग समजतो मला," हॅमिश म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसांचा मर्टलला आणखी राग येतो. "पण खरं सांगू? पाटी काढली तर काय उरतं? तीन पोरं अंधारात पळतायत. असले सिनेमे ढिगाने येतात. ती पाटी हाच सिनेमा आहे."

"हॅमिश," शनेल म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "त्या पाटीबद्दल तू एक अक्षर बोलू नकोस. तुला तिच्यातलं काही कळलेलं नाही. काही म्हणजे काही नाही."

तिने फोन बंद केला आणि टेबलावर उपडा ठेवला.

मर्टल बघतच राहिली. ही पोरगी नक्की कुणाच्या बाजूची आहे? पाटी तिचीच, आणि पाटीचं कौतुक करणाऱ्याच्या अंगावर तीच जाते?

"काढ ती पाटी," मर्टल म्हणाली.

"नाही काढता येणार."

"का?"

"नाही येणार, मावशी. तू नुसती हो म्हण ना. सिनेमात वाईट काही नाही. कुणाची चेष्टा नाही. मिशनच्या घराबद्दल तू सांगितलंस तेवढंच घेतलंय."

"मग मी सगळा बघते."

"नको."

"का नको?"

"नको म्हणजे नको! पाटी वाचलीस ना? वाचल्यावर माणसाने उठून जायचं असतं. उठ ना मग!"

आजवर शनेल मावशीशी या आवाजात बोलली नव्हती. मर्टलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची बहीण म्हणजे इथे आईच. हिला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, शिकायला ॲडलेडच्या बसमध्ये बसवताना हिच्या पिशवीत स्वतःचं पांघरूण कोंबलं होतं. मर्टलने कानांवर हेडफोन चढवले आणि पट्टी दाबली.

सिनेमा चालू झाला. मर्टल रागाने बघत होती, पण बघत होती. पोरांची बडबड, हलणारा कॅमेरा, बुटांखाली मोडणाऱ्या काटक्या. गाणं नाही, वाद्य नाही, कॅमेऱ्याने ऐकलं तेवढंच. पडक्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने काढलेल्या रेघा. सेल्विन खोटं खोटं रागावून गाडीतून उतरतो आणि त्याच्या मागे एक कुत्रं येतं, ते मुद्दाम ठेवलेलं दिसत होतं. मनाविरुद्ध मर्टलच्या ओठाचा कोपरा हलला. पोरीला काम येत होतं. मग चित्र टेकडीवर आलं. संध्याकाळ. कॅमेरा धरणारी एकटीच आहे, तिचा श्वास ऐकू येतो, आणि कॅमेरा खाली वस्तीकडे वळतो.

तेवढ्यात शनेलने हात लांब करून हेडफोनची वायर उपटली आणि दुसऱ्या हाताने आवाज पार खाली ओढला.

"ए!"

शनेलचे दोन्ही हात टेबलावर तसेच राहिले. पडद्यावर वस्ती होती, मुकी. लाल माती, पत्र्यांची छपरं, एका घरापुढे चुलीचा धूर. निळं दार. दारावरचा दिवा लागलेला.

त्या घराचं दार आता बंद असतं. हिवाळ्यात मर्टलची धाकटी बहीण, शनेलची आई, तिथून दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. तिचं नाव मर्टल घेत नाही, म्हणून इथेही घ्यायचं कारण नाही. मर्टल त्या मुक्या चित्राकडे बघत राहिली. घराच्या अंगणात कुणी दिसत नव्हतं, पण कॅमेरा तिकडे का वळला हे तिला कळलं. हाक आल्यावर माणूस असंच वळून बघतं.

"तिची?" तिने विचारलं.

शनेलने मान डोलावली.

"काय म्हणतेय?"

"चुलीतल्या कांगारूच्या शेपट्या जळतायत म्हणून ओरडतेय. घरी या म्हणून." शनेलने नाक ओढलं. "ठरवलेलं नव्हतं. आम्ही शूट करत होतो आणि तिने हाक मारली. मला तेव्हा राग आला होता. मधेच ओरडली म्हणून."

सेल्विनने सँडविच कागदात गुंडाळलं आणि टोपी काढली. तोसुद्धा पडद्याकडे बघेना.

"म्हणजे पाटी खरीच होती," मर्टल म्हणाली.

"खरीच आहे. हॅमिशला वाटतं मी त्यांना घाबरवायला लावली. त्याला मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्याला अजूनच आवडलं असतं."

"मग लावलीस कुणासाठी?"

"तुझ्यासाठी! तू बघणार हे ठाऊक होतं ना. तू पाटी वाचून उठशील, म्हणशील, मी बाहेर बसते, तू पाठव. नेहमी उठतेस. आजच नेमकी नाही उठलीस."

मर्टल उठली ती आता. खिडकीतल्या एअर कंडिशनरपाशी जाऊन उभी राहिली, पण गार हवेने डोकं गार झालं नाही.

"मला न विचारता," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा आवाज, मला न विचारता, सिडनीला."

"माझ्या आईचा आवाज."

"तोंड सांभाळ."

"का सांभाळू? मी परीक्षा सोडून आले तेव्हा काय होतं घरात? कपडे जाळलेले. भिंतीला नुसते खिळे. अंगण झाडून झाडून तिची पावलंसुद्धा ठेवली नाहीत तुम्ही. माझ्या फोनमधले फोटो तू स्वतः काढून घेतलेस, मी रडत होते आणि तू काढून घेत होतीस!"

"टाकले नाहीत. ठेवलेत." मर्टलने मागच्या भिंतीजवळच्या पत्र्याच्या कपाटाकडे बोट दाखवलं. वस्तीतल्या सगळ्या गेलेल्यांचं चित्रण त्या कपाटात होतं, आणि किल्ली तिच्या गळ्यात. "रीत आहे ती. तुझ्या आईने तिच्या आईसाठी केलं, मी तिच्यासाठी केलं."

"रीत मला कळते! कळते म्हणूनच पाटी लावली! पण माझ्याकडे एवढंच उरलंय, मावशी. शेपट्या जळतायत. एवढंच."

"आणि ते तू परक्या लोकांना देणार? ते हॉलमध्ये मक्याच्या लाह्या खात बसणार, आणि ती पोरांना जेवायला बोलावते त्याला घाबरणार? माझ्या बहिणीला घाबरणार?"

"नाही घाबरत." शनेलने डोळे पुसले, रागानेच. "तीच एक जागा आहे जिथे कुणी घाबरत नाही. ॲडलेडमध्ये मी मैत्रिणींना दाखवला. तिथे सगळ्यांना घरी जावंसं वाटतं. सिनेमातली पोरं जात नाहीत, ते वेगळं. म्हणून तर पुढचं सगळं भयंकर वाटतं. ती हाक काढली तर खरंच नुसती पोरं पळतायत."

पोरगी खरं बोलत होती, आणि तेच मर्टलला सहन होत नव्हतं. तिने गार झालेला चहा मोरीत ओतला, रिकामा मग विसळून जागेवर ठेवला, पुन्हा उचलून विसळला.

"तुम्हा दोघी बहिणींचा आवाज सारखाच," सेल्विन दारातून म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "मी तिकडे खाणीवर होतो तेव्हा फोनवर मला कळायचं नाही कोण बोलतेय ते. दोघीही शिव्याच द्यायच्या."

मर्टलने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने टोपी परत घातली.

"कॅमेरा घे," ती शनेलला म्हणाली.

"कशाला?"

"घे म्हणते ना. अजून उजेड आहे."

शनेलला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने मान झटकली. "असल्या सिनेमात मागाहून काही घालायचं नसतं. त्या वेळी कॅमेऱ्याने जे पकडलं तेच. या खोलीत बोललीस तर खोलीत बोलल्यासारखं येईल."

"खोलीत कोण बोलतंय? टेकडीवर जा आणि परत पकड, हाक मी खालून मारते. त्या तुकड्यात पोरं दिसत नाहीत, तुझा श्वास आहे फक्त. मी बघितलंय."

"आणि तिचा?"

"तो कपाटात."

शनेलने खुर्ची पडद्याकडे ओढली. मग तिने तो तुकडा कापला. आवाज बंदच ठेवून, पडद्यावरच्या आवाजाच्या रेषांकडे नुसतं बघून. छोट्या ड्राइव्हवर घेतला, बाकी सगळीकडून पुसला आणि ड्राइव्ह मुठीत धरून ठेवला. मर्टलने गळ्यातल्या किल्लीने कपाट उघडलं आणि हात पुढे केला. मूठ सुटायला जरा वेळ लागला.

"किती दिवस?" शनेलने विचारलं.

"मी सांगेन तेव्हा. आणि तेव्हा पहिल्यांदा तू ऐकशील. दुसरं कुणी नाही."

कपाट बंद झालं.

"आता त्या सिनेमात कुणी मेलेलं आहे का?" मर्टलने विचारलं.

शनेलने मामाकडे बघितलं. मामाने आपली छाती चाचपून बघितली.

"नाही," ती म्हणाली.

"मग पाटी काढ. आणि त्या सिडनीवाल्याने कुरकुर केली तर माझ्याशी बोलायला सांग."

सेल्विनने शनेलला टेकडीखाली सोडलं आणि गाडी वळवून निळ्या दाराच्या घराजवळ आणली. मर्टल उतरली, पण अंगणात गेली नाही. हिवाळ्यापासून तिने या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं, दुकानात जायलासुद्धा ती लांबून जायची. ती कुंपणाबाहेर उभी राहिली. सिनेमात घर दिसलं तर चालेल असं तिने गाडीतच ठरवलं होतं, घराला नाव नसतं. वर टेकडीवर शनेल काडीएवढी दिसत होती. ती वस्तीकडे पाठ करून उभी राहिली आणि हाकेची खूण म्हणून तिने हात वर केला.

मर्टलने तोंड उघडलं. आवाज निघाला तो शेजारच्या कुत्र्यालासुद्धा उठवणार नाही असा.

"हे मलाच ऐकू आलं नाही," गाडीतून सेल्विन म्हणाला.

"गप बस."

टेकडीवरचा हात खाली गेला, पुन्हा वर आला. मर्टलने बंद दाराकडे बघितलं. आणि मग तिला राग आला. हॅमिशचा आला, त्याच्या ऑफिसातल्या अंगावर काटा येणाऱ्या माणसांचा आला, उद्या या म्हणणाऱ्या डॉक्टरचा आला, पण ते सगळे किरकोळ होते. खरा राग धाकटीचा होता. धाकटीने आधी जायचं नसतं. हिला नेहमीच घाई. जेवायला घाई, लग्नाला घाई, आणि पोरीला कुणाच्या गळ्यात टाकून गेली, तर माझ्या. फोटो मी काढायचे, कपडे मी जाळायचे, पोरीच्या शिव्या मी खायच्या, आणि ही गेली.

"ए पोरांनो!" मर्टल ओरडली. "अंधार पडला! शेपट्या जळून कोळसा झाल्या, घरी या!"

हाक टेकडीवर जाऊन आपटली. दोन घरांपलीकडे एक म्हातारी दाराबाहेर आली, या घराकडे बघून जागच्या जागी थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला. कुत्री भुंकायला लागली. सेल्विनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

वर शनेल झटकन वळली.

"आले गं!"

टेकडीवरून आवाज स्वच्छ आला. घाईने दिलेला, ओरडा बसायच्या आत दिलेला. मग तिने स्वतःच तोंड दाबून धरलं, पण उशीर झाला होता. सिनेमात त्या पोरीने ओ द्यायची नव्हती.

"गेला," सेल्विन स्टिअरिंगमध्ये तोंड घालूनच म्हणाला. "तो गेला वाया."

मर्टलने मनगटाने नाक पुसलं.

"ए गाढवे!" ती वर बघून ओरडली. "तू बोलायचं नाहीयेस! परत बोंबलायला लावतेस का मला?"

कॅमेरा शनेलच्या हातात खाली लोंबत होता. ती टेकडीवर बसली होती की उभी होती तेही आता नीट कळत नव्हतं. उजेड भराभर चालला होता, आणि हात काही वर होत नव्हता. मर्टलने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि त्याची वाट न बघता पुन्हा हाक मारली.